वन्संनी मलाच का विचारलं?

९ जून, सोमवार

निंगव्वा वन्संचा फोन! दिवाळीनंतर पहिल्यांदा. ह्यांची थोरली बहीण, अक्कलकोटच्या पुढं दिलेली. काम असल्याशिवाय फोन करणारी बाई नाही. म्हणाल्या, "दाक्षा, आमची धनलक्ष्मी बारावी पास झाली. आता सोलापुरात कॉलेज करते म्हणती. सोलापूर पोरीला बरं हाय का, तू बघून सांग. तू म्हणशील तसं करू."

मी म्हणेन तसं! पंचवीस वर्षांत माझ्या म्हणण्यानं वन्संनी चहात साखर टाकली नाही.

काहीतरी डाव आहे. पोरगी आमच्या दोन खोल्यांत आणून ठेवायची असणार.

हे म्हणतात, "थोरल्या बहिणीनं मान दिलाय, घे की गप." ह्यांना बहिणीचं सगळंच गोड लागतं.

१० जून

वन्संना फोन करून सरळच विचारलं — पोरगी राहणार कुठं? तर म्हणाल्या, "हॉस्टेलात. तुला काय तरास न्हाय."

आता तर जास्तच खटकलं. घरी ठेवायची नाही, दुसरं काही मागणं नाही. मग पाहिजे काय माझ्याकडून?

आमच्या महेश्वरीला फोन केला. चार वर्षं झाली तिच्या लग्नाला. जावई एमआयडीसीत, म्हणून चिंचोळीलाच राहतात. विचारलं, तुझ्याबरोबरच्या पोरी कुठल्या कॉलेजात गेल्या गं, चांगलं होतं का तिथं? म्हणाली, "मला काय माहीत? मी कुटं गेले?" आणि बाळ रडतंय म्हणून फोन ठेवला. मला तर रडणं ऐकू आलं नाही. हल्ली तोडून बोलते.

११ जून

पाचव्या दिवशी पाणी आलं. कुठं जाणं नाही.

१२ जून, गुरुवार

कॉलेजच्या फाटकातूनच परत पाठवलं! वॉचमन म्हणतो, "काम काय? कुणाला भेटायचं?" मी म्हटलं, बघायचंय. "काय बघायचंय?" कॉलेज. "बघितलं की मग! जावा आता."

सहावी शिकलेली बाई दिसली की कुणीही दारातून हाकलतं. त्या जागी एखादा पँटवाला असता तर खुर्ची दिली असती.

थांब म्हटलं. उद्या बघते तुला.

१३ जून, शुक्रवार

पहाटे दोन पाट्या भाकरी थापल्या. एक नेहमीच्या दुकानात दिली. दुसरी डोक्यावर घेतली आणि त्याच फाटकात गेले. तोच वॉचमन! "कडक भाकरी का, मावशी? या की. हॉस्टेल मागल्या बाजूला हाय." ओळखलं पण नाही.

म्हणजे पाटी डोक्यावर असली की कुणीही आत! हे पहिलं वाईट. वन्संना सांगणार.

हॉस्टेलचं बघितलं ते असं — न्हाणीघराच्या एका दाराला कडी नाही, दोरी बांधलीय. टाकी झाकलेली आहे, पण झाकणावर वीट. जेवणाची आमटी चाखली, नुसतं पाणी. बाई कडक आहे तिथली, मला पण "चपला बाहेर" म्हणाली. ते बरं.

पोरी भाकरीवर तुटून पडल्या. एकीनं बोटाच्या पेरानं भाकरी वाजवून बघितली, कडक आहे का ते, आमच्याकडं बघतात तसं. गावाकडचीच असणार. आणि एक होती, सबिहा नावाची, खिडकीत फोनवर खिदळत होती. मला तेच पाहिजे होतं! शेंगाची चटणी बांधायचं निमित्त करून तिच्या बाजूला सरकले. कान दिला. तर पोरगी म्हणते, "दोनों जिंदे हैं ना, अब्बा? नीट देखो! काली को भी दूध पिला रई क्या वो?"

शेळी व्याली होती. बापाला विचारत होती.

बापाशी एवढं हसून बोलतात पोरी? माझी महेश्वरी तर ह्यांच्यासमोर भिंतीकडं बघून बोलायची.

तिलाच विचारलं, गाव कुठलं? म्हणाली मैंदर्गी. घरनं कसं सोडलं? म्हणाली, "अब्बा आये थे ना मावशी, खुद देखने. दो दिन फिरे. फिर बोले, पानी का त्रास है, पर रह."

१४ जून

परत गेले. संशय एका दिवसात फिटत नाही.

कॉलेजच्या पायऱ्यांवर बसले, पाटी बाजूला. एक सर थांबले. "कुणाची वाट बघताय, मावशी?" पोरीची. "कुठल्या वर्गात आहे?" अजून कुठल्याच नाही, म्हटलं. ते हसले नाहीत. आत नेलं, मोठी खोली दाखवली, नुसती पुस्तकं. चाळीसेक पोरी खाली माना घालून बसलेल्या. वर पंखा कुरकुरत होता, तेवढाच आवाज. एक तोंडात पेन्सिल धरून वेणी घालत होती, नजर पुस्तकातच.

उभीच राहिले. भाकरी विकायची राहिली.

१७ जून, मंगळवार

वन्संना फोन केला. म्हटलं, कड्या मोडक्या आहेत, आमटी पाणी आहे, पण एकंदर वाईट नाही.

वन्संचा आवाज एकदम पडला. मग म्हणाल्या, "आणखी एकदा जाऊन बघ की. पोरं कशी हायत ते बघ. बसस्टँडला कसली माणसं असत्यात ते बघ."

चांगलं म्हटल्यावर माणसाचा आवाज पडतो कधी? इथं पाणी मुरतंय!

१८ जून

धनलक्ष्मीचा फोन, घरामागनं, हळू आवाजात. "मामी, खरं सांगू का? मंगळवेढ्याचं स्थळ आलंय. अप्पांना हो म्हणायचंय. आई त्यांना म्हणली, मी ऐकलं — दाक्षाला विचारू. ती कशालाच हो म्हणत न्हाय. तिनं नको म्हटलं की पोरगी मामीला शिव्या घालेल, आपल्याला न्हाय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ती म्हणाली, "मामी, तुमी रागावला का?"

रागावले! पण तुझ्यावर नाही गं.

आता सगळं ध्यानात आलं. म्हणून मला विचारलं! नको म्हणायला ठेवलेली बाई मी. आणि वाईट याचं वाटतं की वन्संचं चुकलं पण नव्हतं. पाटी घेऊन आत गेले नसते तर नकोच म्हटलं असतं.

२२ जून, रविवार

दोघं आले. वन्सं आणि त्यांचे मालक शरणप्पा. चहा झाला. शरणप्पा मांडी घालून म्हणाले, "हं, दाक्षाबाई, बोला. कसं हाय तुमचं सोलापूर?"

म्हटलं, वाईट. पाणी पाच दिवसांनी. रस्ते उकरलेले. रिक्षावाले अंगावर येतात. हॉस्टेलच्या दाराला दोरी. आमटीत डाळ शोधावी लागते. वॉचमन आंधळा.

शरणप्पा मान हलवत होते. वन्संनी तर सुटकेचा श्वास टाकला, मी बघितला.

"म्हणून," मी म्हटलं, "कडी मी सुताराकडनं बसवून घेते. भाकरी दर शुक्रवारी मी देते. धनलक्ष्मीचा फॉर्म भरा."

वन्संच्या हातातला कप तसाच राहिला. "अगं, पण तू —"

"मी म्हणेन तसं करणार म्हणाला होता की!"

हे तोंड फिरवून हसले. पंचवीस वर्षांत बहिणीसमोर पहिल्यांदा.

शरणप्पांचं तोंड उतरलं. चपला घालताना म्हणाले, "एवढं चांगलं हाय, तर तुमच्या महेश्वरीला का न्हाय घातलं? दारात तर कॉलेज तुमच्या."

दारातच. चालत पंधरा मिनिटं. तेव्हा मीच म्हटलं होतं, शहर वाईट, पोरी बिघडतात. एकदासुद्धा जाऊन बघितलं नव्हतं.

भाकरीचं पीठ तसंच राहिलं आज.

२३ जून

लग्न झालेली, कडेवर पोर असलेली घेतात का — हे त्या सरांना विचारायचं राहूनच गेलं. पाटी भरली आहे. निघते.