रुग्ण क्रमांक सतराबाबत दुरुस्ती

मी, डॉ. फ्लेव्हिया बस्त्याव मुनीस, वय बहात्तर, निवृत्त यकृतरोग संशोधक, राहणार इंद्रलोक, भाईंदर पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, शेजारचे डॉ. काशीनाथ सामंत यांनी तसा दाखला दिला आहे. कोणाचीही जबरदस्ती नाही. उलट, लिहू नकोस असे सांगणारेच जास्त भेटले. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. इंद्रलोकमधील सदनिका धाकटा भाऊ लुईस याला द्यावी. तो उत्तनजवळच्या आमच्या गावात राहतो आणि छत्तीस वर्षांत माझ्या घरी पाणीही प्यायलेला नाही. त्याने नाकारल्यास ती त्याची मुलगी नादिया हिला मिळावी.

२. सूक्ष्मदर्शक गावच्या शाळेला द्यावा. खाऱ्या हवेत भिंगाला बुरशी येते, म्हणून तो बंद कपाटात ठेवावा.

३. यकृत व पचनसंस्थेच्या आजारांवरचे माझे एकेचाळीस निबंध प्रसिद्ध झाले. त्यांच्या बांधीव प्रती वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला द्याव्यात, पण १९८८ चा निबंध दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवल्याशिवाय देऊ नये. ज्या प्राध्यापकांनी त्यावर माझ्याआधी स्वतःचे नाव घातले, त्यांना माझ्या शोकसभेत बोलू देऊ नये. चूक मात्र माझी एकटीची होती.

ती अशी. गावात यकृत निकामी होऊन माणसे दगावत होती. मी तिथलीच मुलगी, म्हणून लोकांनी विश्वासाने रक्त दिले. सतराव्या क्रमांकाची रुग्ण शेवंती, सुकी मासळी विकणारी. पोटात पाणी झाले होते. मी दारूबद्दल विचारले.

"एक थेंब न्हाय पिली, बाय. एकवीरा आयची आन हाय."

"सगळे असंच सांगतात," मी म्हणाले आणि लिहिले: रुग्ण मद्यपान लपवते.

निबंधात मी गावाचे नाव छापले होते. इथे लिहीत नाही. वर्तमानपत्राने 'दारूने मरणारे गाव' अशी बातमी केली. आजारी कोण, हे गावाला ठाऊकच होते. शेवंतीला सासरच्यांनी सहा वर्षांच्या मंदासह घराबाहेर काढले. वर्षभरात ती माहेरी वारली. मी अंत्ययात्रेला गेले, तर वेशीवरूनच परत पाठवले. लुईस म्हणाला, "डाक्टर झालीस, पन आपल्या मानसाचं ऐकलं न्हाय."

हेपॅटायटिस सी या विषाणूची तपासणी तेव्हा नव्हती, हे खरे. पण तिच्यावर विश्वास ठेवायला तपासणी लागत नव्हती. १९९६ साली मी गोठवलेले नमुने पुन्हा तपासले. शेवंतीच्या रक्तात तो विषाणू निघाला. तापावर इंजेक्शने देत फिरणारा एक तोतया डॉक्टर एकच सुई सगळ्यांना टोचत होता. हे मी नवा शोध म्हणून इंग्रजीत छापले. आधीचे चुकले होते, असे एका ओळीतही कबूल केले नाही. गावात तपासणी पथक पाठवले. लुईसने निरोप धाडला, "तू स्वतः येऊन सांग." मी गेले नाही. लाज वाटली, आणि त्या शोधाला मिळणारा पुरस्कारही हवा होता.

४. गेल्या महिन्यात मंदाला भाईंदरच्या बाजारात शोधून काढले. सगळे सांगितले आणि माझ्या ठेवी तिच्या नावे करते म्हणाले. तिने हातातले बोंबील आधी साफ केले.

"पैशे नको. आय पिऊन मेली, आसं आजून बोलतात. गावात येऊन माइकवर सांग."

"माझे गुडघे चालत नाहीत गं."

"रिक्षा हाय."

त्या रविवारी मिस्सा संपल्यावर मी चर्चच्या आवारात उभी राहिले. ख्रिस्ती आणि हिंदू, दोन्ही समाजांची माणसे जमली होती. आमच्याच बोलीत सांगितले की शेवंती खरं बोलत होती आणि मी खोटं लिहिलं. एक म्हातारी उठून गेली. लुईस मागे उभा होता. परतताना तो रिक्षात माझ्या शेजारी येऊन बसला आणि नाक्यापर्यंत आला.

५. ठेवी गावातील यकृतरुग्णांच्या तपासणी व औषधांसाठी वापराव्यात. निबंधावरच्या दुरुस्तीच्या चिठ्ठीवर रुग्णाचा क्रमांक नको. 'शेवंती धर्माजी कोळी' असे पूर्ण नाव लिहावे. मंदाची परवानगी आहे.

६. अंमलबजावणी अ‍ॅड. सुरुची वर्तक यांनी करावी. ज्याला काही मिळणार, त्याने साक्षीदार होऊ नये, असे त्या म्हणाल्या. मंदाला माझ्याकडून काहीच नको आहे, म्हणून साक्षीदार होशील का, असे मी तिला विचारले. तिने सगळा मजकूर माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला. "लपवते" या शब्दावर मला थांबवून तो पुन्हा वाचायला लावला. मग पेन मागितले.

लिहून देणार: फ्लेव्हिया मुनीस (सही)

आम्हां दोघांसमक्ष सही झाली:
१. डॉ. काशीनाथ सामंत (सही)
२. मंदा धर्माजी कोळी, शेवंतीची मुलगी (सही)

भाईंदर पूर्व, २ डिसेंबर २०२५