काळ्याखालचा हिरवा

ताई,

तुला उठवलं नाही. दूध तापवून ठेवलंय. मी घाईने शेडवर निघालोय. त्या छोट्या रुळांवरच्या वाफेच्या इंजिनाला आज काळा रंग लावणार आहेत, आणि मूळ रंग काळाच होता असं मीच लिहून दिलंय. काल पाण्याच्या टाकीमागे ब्लेडने थर खरवडले. काळा, लाल, परत काळा, आणि सगळ्यांच्या खाली गर्द हिरवा!

तुझी आई लहानपणी त्याच गाडीने शाळेत जायची. "हिरवंच होतं," म्हणायची. मी तीस वर्षं तिचं बोलणं हसण्यावारी नेलं. काल घरात शिरताच "अगं, तुझंच खरं!" असं मोठ्याने बोलून गेलो. मग भान आलं, ती आता नाही.

जमलं तर दुपारी शेडवर ये. कुणाला तरी दाखवायचाय.

— बाबा