दिल्लीपुरत्या दशम्या

धावडा. माघ, बुधवार, १९४७

व्हय, विमानानंच. सकाळपासून हेच सांगून राह्यले जाऊबाईला. दिल्लीला लेकीचे दिवस भरत आलेत. जावयानं हैदराबादेपासून दिल्लीपर्यंत विमानाचं तिकीट काढलंय, उद्या निघायचंय. पण घरात थोरल्या त्या. त्या हो म्हणल्याबिगर पाय कसा काढू?

आमच्या घरात लांबचं-जवळचं दशम्यांवर मोजतात. त्यांनी इचारलं, "दिल्लीला किती बांधू?"

"हैदराबादेपर्यंत बैलगाडी अन् रेल्वे, तिथवर ढीगभर लागतील. पुढं दिल्लीला दोनच. सकाळी बसले की दिवस मावळायच्या आत लेकीजवळ."

"जवळच्याला ढीग अन् लांबच्याला दोन? मला येडी समजती का गं?"

"मंग तुम्हीच चला, मोजायला."

हसल्या न्हाईत. पण सांजच्याला बघते तर दुधात पीठ मळून राह्यल्या. म्हंजे जायचं ठरलं. दोन पुरतील ना पण? तिथं वर भूक लागती का, कुणाला ठाव.

लेकीची काळजी हाय, बिलकुल हाय. पण जाऊबाईला जे बोलले न्हाई ते इथं लिहिते. लेकीनं बोलावलं नसतं तरी मला विमानात बसायचंच होतं.