हातातून घेतलेला माईक

आबा, परवा रविवारी दुपारी तो पिक्चर टीव्हीवर लागला होता. कंपनीच्या पॅकिंग शेडमध्ये पांढरा पडदा बांधून आपल्याला दाखवला होता, तोच. लढाई संपते, सैनिक गावच्या फाट्यावर एसटीतून उतरतो, ढोल वाजतात, आई ओवाळायला उभी असते. मग तो मेलेल्या मित्राच्या घरी जातो, मित्र हसत हसत कसा गेला ते सांगतो, आणि त्याची म्हातारी डोळे पुसून ताठ उभी राहते. ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं होत आली, तरी तो पिक्चर मला शेवटपर्यंत बघता येत नाही.

फौजेतून निवृत्त झाल्यावर तुम्ही धुळ्याकडचं गाव सोडून आम्हाला सिल्वासाला आणलंत आणि किलवणी रोडवरच्या त्या कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत लागलात. पुढे मी बीएस्सी झाले तेव्हा तुमच्याच शब्दावर मला तिथल्या लॅबमध्ये घेतलं. गेटवर तुम्ही गुजराती ड्रायव्हरशी गुजराती बोलायचात, बिहारच्या पोरांशी हिंदी, आणि माझ्याशी एक अक्षरही नाही. माझं ओळखपत्र बाकीच्यांसारखंच बघायचात आणि मान हलवून आत सोडायचात. ड्यूटीवर नातं नको, असा तुमचा नेम होता. मला तो सोयीचाच वाटायचा. लॅबमधल्या पुण्या-नाशिकच्या मुलींना माझे वडील कोण हे ठाऊक होतं, पण रोज डोळ्यांवर येत नव्हतं.

त्या सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सगळ्यांना कुटुंबासकट थांबवून पिक्चर दाखवला. आई बायकांमध्ये सतरंजीवर बसली होती. मी पुढच्या खुर्च्यांमागे उभी होते, कारण चार वर्षं टेंपररी राहिल्यावर मला कायम करायचा कागद त्या आठवड्यात मोठ्या साहेबांच्या टेबलावर होता आणि आपण त्यांना दिसत राहावं असं मला वाटत होतं. पिक्चर संपला. साहेब म्हणाले, आपल्यात एक खरे फौजी आहेत, एकाहत्तरची लढाई लढलेले, त्यांनी दोन शब्द बोलावेत. तुम्ही नको नको म्हणालात. लोकांनी टाळ्या वाजवल्या तसे उठलात, टोपी सरळ केलीत आणि माईक हातात घेतलात.

"पिक्चर चांगला आहे," तुम्ही म्हणालात. "पण असं होत नाही."

लोक हसले. तुम्ही विनोद करताय असं त्यांना वाटलं. मग तुम्ही सांगायला लागलात. कालव्याच्या काठी तुमच्या जोडीदाराच्या मांडीत गोळी लागली. मागे हटायचा हुकूम आला. त्यानं तुमचा पट्टा धरून ठेवला होता. तुम्ही त्याची बोटं एकेक करून सोडवलीत आणि परत येतो असं सांगून निघालात. "गेलो नाही," तुम्ही म्हणालात. "जाता आलं असतं. भीती वाटली." लढाई संपल्यावर सुट्टी मिळाली तेव्हा आपल्या घरी यायच्या आधी तुम्ही त्याच्या घरी गेलात. त्याच्या आईनं पहिलं विचारलं, त्यानं पाणी मागितलं होतं का. तुम्ही नाही म्हणालात, एका क्षणात गेला म्हणालात. तिनं तुम्हाला पोटभर जेवू घातलं आणि मुलासाठी विणलेला स्वेटर तुमच्या अंगात घातला.

शेडमध्ये आता कुणी हसत नव्हतं. साहेब घड्याळाकडे बघत होते, त्यांच्या बायकोनं मान खाली घातली होती. तुमचा आवाज गेटवरचा नव्हता. तो फाटत होता. "तो स्वेटर घालून मी घरी आलो," तुम्ही म्हणालात. "त्या माउलीला मला अजून..."

आणि मी पुढे आले. तुमच्या हातातून माईक घेतला आणि चारशे माणसांसमोर म्हणाले, "माफ करा, आबांना बरं नसतं. गोळ्या चालू आहेत."

तुम्हाला कसल्याच गोळ्या चालू नव्हत्या. साधी सर्दीसुद्धा नव्हती. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, रागानं नाही, गेटवर अनोळखी माणसाचं ओळखपत्र वाचावं तसं, आणि जागेवर जाऊन बसलात. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग समोसे वाटले.

घरी आलो. दारात चपला काढताना एवढंच म्हणालात, "बरं केलंस. लांबलंच होतं." आई मात्र स्वयंपाकघरात भाकरी थापत होती, ती थांबली आणि मागे न वळता म्हणाली, "माझ्याशी सुद्धा हे कधी बोलले नव्हते. त्यांचं सांगून होईपर्यंत तुला दम निघाला नाही?" मी म्हणाले, लोक काय म्हणतील याचा विचार नको का. तव्यावरची भाकरी करपली, तीच आईनं माझ्या ताटात वाढली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी कदाचित विसरले असते. पण आठच दिवसांत सिक्युरिटीच्या साहेबांनी तुम्हाला बोलावलं. डोक्याच्या गोळ्या चालू असलेला माणूस मेन गेटवर कसा ठेवायचा, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा, म्हणाले. तुम्ही आणलं नाहीत. मुलीनं सांगितलेलं खोटं ठरवायला डॉक्टरकडे जाणार नाही, असं तुम्ही आईला सांगितलंत. तिनं ते मला त्याच संध्याकाळी सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी त्या सिक्युरिटीच्या साहेबांच्या केबिनपर्यंत गेले. आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं, की मी खोटं बोलले. साहेब फोनवर होते. मी बाहेर पाच मिनिटं थांबले आणि लॅबमध्ये परत आले. त्याच महिन्यात तुम्ही नोकरी सोडलीत आणि मी कायम झाले. पेढे तुम्हीच आणलेत.

त्यानंतरची वर्षं तुम्ही अथालच्या पुलाकडे फिरायला जायचात आणि नदीकडे तोंड करून बसायचात. मी कितीदा तरी तिथून स्कूटीवरून गेले. एकदाच थांबले होते. म्हटलं, आबा, त्या दिवशी तुमचं काय सांगायचं राहिलं? "आता नाही आठवत," म्हणालात, आणि मला उशीर होत असेल म्हणून मला पुढं जायला सांगितलंत. मी गेले. तुम्हाला आठवत नव्हतं यावर मी तेव्हा विश्वास ठेवला, कारण तसा ठेवणं मला सोपं होतं.

परवा पिक्चर संपल्यावर मी ह्यांना पहिल्यांदा सगळं सांगितलं. ह्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, त्या जोडीदाराची म्हातारी आता नसेल, पण त्या घरात कुणीतरी असेल, आपण जाऊन येऊ. मी लगेच हो म्हणाले. तुम्ही मला काय म्हणाला असतात कुणास ठाऊक, पण एकदा त्या दारात उभं राहावं, त्यानं पाणी मागितलं होतं की नाही ते तुमच्या वतीनं खरं सांगावं असं वाटलं. मग वाटलं, मला तरी ते कुठं माहीत आहे. ते बहुधा पुढच्याच वाक्यात होतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून हेही लिहून टाकते. ह्यांनी विचारलं, त्या जोडीदाराचं नाव काय, गाव कुठलं. आबा, तुम्ही दोन्ही सांगितलं होतं. नाव तर दोनदा घेतलं होतंत, माईकवर, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी तेव्हा साहेबांच्या चेहऱ्याकडे बघत होते. काल मी शेडमध्ये हजर असलेल्या एका जुन्या माणसाला फोन करून विचारलं. त्याला नाव आठवलं नाही. तो म्हणाला, "तुमच्या वडलांना काहीतरी डोक्याचा आजार होता ना?"

मी हो म्हणाले.