ओढ्यापलीकडे दिलेले दुसरे मत

मी, मेहिटेबल पिअर्सन, वय चौसष्ट, अविवाहित, धंदा पिंपे बनविणे, राहणार वेल्स ब्रुक, न्यू जर्सी राज्य, हा कागद माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. फेब्रुवारीपासून छातीत कफ धरला आहे आणि जिना चढताना दोनदा बसावे लागते. पण डोके जागेवर आहे. कोणाला शंका असल्यास त्याने येऊन मला पिंपाची मापे विचारावीत. मला कोणी धमकावलेले नाही. गोड बोलून पाहणारे काही झाले, त्यांचा उल्लेख पुढे येईलच. १८१९ साली केलेले माझे मृत्युपत्र या कागदाने रद्द समजावे. ते रागाच्या भरात लिहिले होते.

कलम पहिले. मला वडिलांच्या शेजारी पुरावे. पेटी साध्या पाइनच्या फळ्यांची चालेल, मात्र सांधे नीट बसवलेले असावेत. पाद्रीसाहेब मला स्वभावाने नम्र म्हणणार असतील, तर त्यांनी आधी गावात चौकशी करावी.

कलम दुसरे. माझा पुतण्या जोएल पिअर्सन यास ओढ्यालगतची सफरचंदाची बाग, सायडरचा घाणा व भिंतीवरचे घड्याळ द्यावे. घर त्याला मिळणार नाही. गेल्या तीन वर्षांत तो मला एकदाच भेटायला आला आणि त्या भेटीत माझ्यापेक्षा छपराकडेच जास्त पाहत होता. "आत्या, हे किती वर्षं टिकेल गं?" असे त्याने विचारले. छप्पर टिकेल, जोएल. बागेची छाटणी वेळेवर करत जा.

कलम तिसरे. वडिलांची वाकस, तिन्ही रंधे, पटाश्या आणि फळ्या वाकवण्याची चूल ही सर्व हत्यारे माझ्याच धंद्यातल्या हायरम कॉब यास द्यावीत. बाईने बांधलेले पिंप गळते, असे तो वीस वर्षे गिऱ्हाइकांना सांगत आला. त्याने ही हत्यारे जरूर वापरावीत, म्हणजे त्याची पिंपेही गळायची थांबतील.

कलम चौथे. अझरायाह टटल, राज्याच्या विधानसभेचे माजी सदस्य, यांस काहीही देऊ नये. त्यांना मी या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायला बोलावले आहे आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. हे कायद्याचे कारण झाले. दुसरे कारण लिहायला थोडी जागा लागेल.

१७९७ साली वडील वारले आणि घर, बाग व दुकान माझ्या नावावर झाले. त्या वेळच्या आमच्या निवडणूक कायद्यात मतदाराविषयी 'तो किंवा ती' असे स्वच्छ लिहिलेले होते. पन्नास पौंडांची मालमत्ता असली की झाले. लग्न झालेल्या बाईचे सगळे नवऱ्याचे होत असे, म्हणून मत उरले ते विधवांना आणि माझ्यासारख्यांना. त्या ऑक्टोबरात अझरायाह टोपीला काळा गोंडा लावून, गाडी घेऊन दारात आला. तेव्हा तो फेडरल पक्षाचा होता आणि काळा गोंडा ही त्या पक्षाची खूण. "मेहिटेबल, हातातला भुसा झटक आणि चल," तो म्हणाला, "आज तुझं मत माझ्याएवढंच मोठं आहे." मला ते वाक्य फार आवडले. खोटे कशाला लिहू, माणूसही आवडला.

चार वर्षांनी तो रिपब्लिकन झाला. फेडरल लोकांना सामान्य माणसाची कदर नाही, असे तो म्हणू लागला. ते मलाही पटत होते, म्हणून मीही मत फिरवले. १८०२ च्या वसंतात त्याने मला लग्नाचे विचारले.

"माझं दुकान?" मी विचारले.

"आपलं होईल."

"आणि मत?"

तो हसला. "अगं, तुझ्या वतीनं मी देईन की!"

"कुणाला देशील? तुझा पक्ष दर दोन-चार वर्षांनी बदलतो. सकाळी उठून रोज विचारत बसू का?"

मी नाही म्हणाले. त्याने पुढच्या वर्षी दुसरीकडे लग्न केले. त्याची बायको चांगली होती. तिच्या अंत्यविधीला मी रडले. त्यानंतर अझरायाह एकदा अध्यक्ष जॅक्सन यांच्या पक्षात जाऊन आला आणि सध्या त्यांच्या विरोधातल्या व्हिग पक्षात आहे. हे मी टोचून लिहीत नाही. पक्षांचीच नावे आणि माणसे इतकी बदलली, की जागच्या जागी उभा राहिलेला माणूसही तीनदा पक्षांतर केल्यासारखा दिसला असता. माझी तक्रार त्याबद्दल नाही.

कलम पाचवे. हे कलम मालमत्तेचे नाही. येत्या ऑक्टोबरात मतदानाच्या पहिल्या दिवशी, ओढ्यापलीकडच्या खानावळीत मतपेटी उघडण्याआधी ते मोठ्याने वाचून दाखवावे.

१८०७ साली अझरायाह विधानसभेसाठी उभा होता. मतदान दोन दिवस चाले. मंगळवारी मी आमच्या गावात माझ्या नावाने मत दिले. बुधवारी सकाळी अझरायाहची गाडी पुन्हा दारात आली.

"फार काठावर आहे," तो म्हणाला. "ओढ्यापलीकडे आज शेवटचा दिवस. तिकडे तुला कोण ओळखतं?"

"मी काल मत दिलंय."

"ते मेहिटेबल पिअर्सननं दिलंय. तुझ्या आईचं माहेरचं आडनाव काय होतं?"

"काय सांगतोयस ते कळतंय का तुला?"

"विरोधी पक्षाची पोरं तीन-तीनदा टोप्या बदलून मतं देतायत. आपणच तेवढं सोवळं राहून हरायचं?"

मला भरीस पाडले असे लिहून मोकळे होता आले असते. पण गाडीत मला कोणी उचलून बसवले नाही. तो निवडून यावा असे मला वाटत होते, त्याला नकार दिल्यापासून जरा जास्तच. मी आईचे शिरवस्त्र बांधले, ते डोळ्यांपर्यंत ओढले आणि गेले.

खानावळीत टेबलावर मतपेटी होती आणि टेबलापुढे प्रायमस ब्रोकॉ उभा होता. प्रायमस आमच्या भागातला लोहार. माझ्या पिंपांची कडी तोच करी. जन्माला गुलाम म्हणून आला, पंधरा वर्षे जादा काम करून त्याने स्वतःला सोडवले, मग भट्टीची जागा विकत घेतली. भट्टी ओढ्यापलीकडे, म्हणून त्याचे मत त्याच गावात होते. पेटीवरचे पंच त्याचे खरेदीखत उलटेसुलटे करून पाहत होते.

"ही जागा तुझीच कशावरून?"

"वर नाव आहे, साहेब."

"नाव काय, कुणीही लिहील."

"खाली कोर्टाचा शिक्का आहे, साहेब."

एवढ्यात पंचांचे लक्ष माझ्याकडे गेले. "या बाई, या. तू बाजूला हो रे, बाईंना वाट दे."

मी आईचे आडनाव सांगितले, विधवा वुडरफ. पंच माझ्याच पक्षाचा होता. त्याने काहीही विचारले नाही. मी चिठ्ठी पुढे केली तेव्हा प्रायमसने माझ्या हाताकडे पाहिले. त्या हाताच्या अंगठ्यावर भाजल्याची खूण आहे. ती त्याच्याच भट्टीवर झाली होती आणि त्यानेच चरबी लावून पट्टी बांधली होती. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. एक शब्द बोलला असता तर माझी अब्रू तिथेच गेली असती. त्याने टोपी काढली आणि बाजूला झाला. माझे दुसरे मत पेटीत पडायला दोन मिनिटे लागली. त्याचे पहिले आणि एकमेव मत घ्यायला त्यांनी आणखी तासभर घेतला, असे मला नंतर कळले.

अझरायाह अकरा मतांनी निवडून आला. महिना उलटला आणि ट्रेन्टनच्या विधानसभेने कायदा केला, की यापुढे मत फक्त गोऱ्या पुरुषांचे. 'ती' हा शब्द कायद्यातून गेला. प्रायमससारखे स्वतंत्र काळे लोकही गेले. अझरायाहने बाजूने हात वर केला. परत आल्यावर बुटांचा चिखलही न काढता तो मला सांगायला आला, एवढे त्याच्या बाजूने लिहिते.

"भानगडी फार झाल्या, मेहिटेबल. राज्यभर बोभाटा झालाय. बायकांनी दोन-दोनदा मतं दिली, म्हणतात लोक. काहीतरी करावंच लागलं."

"कुणाच्या गाडीतून जाऊन दिली?"

"हळू बोल."

"आणि तीन टोप्यांची पोरं? त्यांची मतं काढलीत का?"

"हा कायदा दोन्ही पक्षांनी मिळून ठरवला होता."

"दोन्ही पक्षांचं एकमत झालेलं मी आजच ऐकतेय. आमच्याच बाबतीत बरं जमलं!"

त्याला मी घालवून दिले आणि वर्षभर त्याच्याशी बोलले नाही. वाटायचे, मी अन्याय झालेली बाई आहे. हे वाटणे मला फार सोयीचे होते. त्याच डिसेंबरात कडी आणायला प्रायमसकडे गेले, तोवर ते टिकले.

"कायदा ऐकलास ना, प्रायमस?" मी म्हणाले. "फार वाईट झालं."

तो भाता ओढत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही दोनदा दिलंत, बाई. मी एकदाच दिलं. आता दोघांचं सारखंच झालं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला भांडता आले असते. मी कडी गाडीत टाकली आणि घरी आले. त्यानंतर वीस वर्षे त्याने माझी कडी केली. एकही सैल निघाले नाही. तो विषय त्याने पुन्हा काढला नाही. तो काढायचे काम माझे होते. दर खेपेला ओढा ओलांडताना मी वाक्य जुळवत जाई आणि भट्टीपाशी पोचल्यावर कड्यांच्या मापाबद्दल बोलून परत येई. १८२८ च्या जानेवारीत तो गेला.

विधानसभेला हे करायचेच होते, माझ्या एका चिठ्ठीने काही बदलले नाही, असे अझरायाह आजही म्हणतो. असेलही. पण त्यांना कारण हवे होते आणि ते मी हातात नेऊन दिले. परवा त्याला हे कलम वाचायला दिले, तेव्हा त्याने चष्मा पुसून दोनदा वाचले.

"माझं नाव काढता येईल का?" त्याने विचारले.

"माझं काढलं की तुझं काढेन."

त्याने चष्मा काढून कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "शुक्रवारी येतो सही करायला."

कलम सहावे. माझे राहते घर, मागचे आवार, विहीर व दुकानाची जागा फीबी ब्रोकॉ हिला द्यावी. ही श्री. प्रायमस ब्रोकॉ यांची मुलगी. 'श्री.' हा शब्द त्यांच्या नावामागे मी आज प्रथमच लिहीत आहे. फीबी चर्चच्या मागच्या खोलीत काळ्या मुलांना लिहायला शिकवते. दुकानाच्या जागेत चाळीस मुले बसतील, मी मोजून पाहिले आहे. ती पुढे लग्न करो वा न करो, या मालमत्तेवर नवऱ्याचा, दिराचा वा नवऱ्याच्या सावकाराचा हक्क राहणार नाही. त्यासाठी नेवार्कचे वकील ओबेडाया स्मॉली यांनी ती तिच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळावी व तिला विचारल्याखेरीज एक खिळाही हलवू नये. हेच या मृत्युपत्राची अंमलबजावणीही करतील.

कायदा माझ्या डोळ्यांसमोर एकदा बदलला, त्याअर्थी तो बदलतो. पुन्हा बदलेल त्या दिवशी कोणी 'जागा तुझीच कशावरून' म्हणून विचारले, तर तिच्या हातात कागद असावा.

गेल्या रविवारी फीबीला बोलावून मी सर्व सांगितले. जे तिच्या वडिलांना सांगायचे होते, तेही.

"बाबांनी घरी सांगितलं होतं," ती म्हणाली.

"मग हे माहीत असूनही तू इतकी वर्षं माझ्याशी दारात उभी राहून बोलत होतीस?"

"ते म्हणायचे, कधीतरी स्वतःहून सांगतील. वाट बघायचे, बाई."

मी विचारले, "घर घेशील ना?"

"घर घेईन," फीबी म्हणाली. "मुलांना जागा लागतेच आहे. माफी मात्र बाबांकडे होती. ती माझ्याकडे नाही."

तिचे म्हणणे बरोबर आहे. ते जसेच्या तसे इथे लिहिले आहे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, खाडाखोड दोन ठिकाणी आहे व तिथे माझी आद्याक्षरे आहेत. आजपासून हीच माझी शेवटची इच्छा.

ठिकाण: वेल्स ब्रुक
दिनांक: शुक्रवार, ९ मे १८३४

(सही) मेहिटेबल पिअर्सन

आमच्या समक्ष, शुद्धीवर असताना, तिने सही केली. सर्व कलमे आम्ही वाचली आहेत.

साक्षीदार:
१. (सही) सायलस मीकर, गावचा कारकून
२. (सही) अझरायाह टटल. पाचवे कलम खरे आहे.