गाडी खाली करायची नाही

३ मार्च
रिम आले! सोळा इंची, काळे, पाच काड्यांचे. पलंगाखाली ठेवलेत आणि उगाच वाकून वाकून बघतोय. ताई म्हणाली, पिल्लं घातलीत का तिथे कुणी?

गाडी आता माझी. अण्णांचा उजवा हात थरथरायला लागला आणि डॉक्टरांनी स्टिअरिंग बंद केलं. जन्मभर त्याच गाडीतून गावोगाव फिरून त्यांनी शिलाई मशिनं दुरुस्त केली. लहानपणी मी शाळा बुडवून बरोबर जायचो. तेल घालायचो, स्क्रू धरून बसायचो. कात्री तेवढी कधी जमली नाही – मी डावरा. अण्णांची कात्री माझ्या हातात कापड कापायची नाही, नुसती चावायची. "ठेव, ती तुझ्या हाताची नाही," म्हणायचे. कुठून कुठे गेलो!

तर किल्ली देताना अण्णा म्हणाले, "ने. फिर हवं तिथे. फक्त गाडी खाली करायची नाही."

मी चाट! स्प्रिंगा कापून गाडी बुटकी करतात, ही पोरांची फॅशन अण्णांना कुठून कळली? काही का असेना. शब्द दिला.

५ मार्च
पैलवानाच्या गॅरेजमध्ये. हा पैलवान फुंकर मारली तर उडेल, म्हणूनच पैलवान. रिम बघून खूश झाला, पण गाडी खाली घ्यायची नाही म्हटल्यावर तोंड वाकडं. आखूड पँट आणि त्याखाली नवे बूट, तशी दिसेल म्हणे. चाकाच्या आणि मडगार्डच्या मधे मांजर झोपेल म्हणे. झोपू दे. शब्द म्हणजे शब्द.

रिम मोठा घेतला की टायरचं रबर पातळ घ्यायचं, म्हणजे चाकाची एकूण उंची तेवढीच राहते – नाहीतर काटा खोटा वेग दाखवतो – असं बरंच समजावत होता. मी अर्धंच ऐकलं. समोरच्या गच्चीवर एक म्हातारा शिडाच्या होडीची लाकडी प्रतिकृती रंगवत होता. पाणी कुठे जवळपास नाही आणि हा होडी करतोय! विचारायला गेलो. मुलीकडे समुद्राच्या गावी नेणार आहे म्हणाला. मीही आधी समुद्राकडेच जाणार. मग किनाऱ्याने.

या घरात थंडीपासून आहे मी. एवढा कधी टिकलो नव्हतो. अण्णांच्या हातामुळे टिकलो. आता तळपाय खाजतात.

९ मार्च
लागली!! चारही. गाडी एकदम उभी राहिल्यासारखी वाटते. मांजर खरंच झोपेल, पण मला आवडलं.

अण्णा काठी घेऊन बाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारली. चाकांकडे धड पाहिलंही नाही. मागे जाऊन डिकीवर हात ठेवून उभे राहिले.

"खाली नाही ना केलीस?"

"नाही अण्णा. सूतभरही नाही!"

मान हलवली. जेवताना मला स्वतःहून वाढलं. हात थरथरल्यामुळे अर्धा भात ताटाबाहेर. 

१० मार्च
घासतंय. खड्ड्यातून गेलं की मागून खर्रर्र – आणि जळक्या रबराचा वास. जीव गेला माझा.

११ मार्च
पैलवानाने खाली वाकून बघितलं आणि सांगितलं की रिम जुन्यापेक्षा बाहेर येतो, त्यात गाडी मागून बसलेली. बसणार नाही तर काय! डिकीत अण्णांचं सगळं दुकान – हत्यारांच्या पेट्या, मोटारी, पट्टे, तेलाचे डबे, मशिनचं एक अख्खं लोखंडी डोकं. पैलवान म्हणाला, एवढं लोखंड काढून टाक, गाडी आपोआप उठेल.

एवढं सोपं! पुलाजवळ जुन्या मशिनवाला बसतो, त्याच्याकडे नेऊन दिलं. कुणाच्या तरी कामाला येईल. त्याचा तर आनंद मावेना.

१२ मार्च
घासत नाही. पिसासारखी चालते.

१४ मार्च
अण्णा बोलत नाहीत. काल सकाळी डिकी उघडून बघत होते म्हणे. माझ्यावर आवाजही चढवला नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेत.

ताईनेच मला स्वयंपाकघरात गाठलं.

"तुला एकच गोष्ट सांगितली होती त्यांनी. गाडी खाली करायची नाही."

"केली कुठे? जाऊन बघ ना, मधे मांजर झोपेल एवढी जागा आहे!"

"भिरभिऱ्या, डिकीत काय आहे?"

"काही नाही."

 गॅसवर दूध वर आलं तरी ताई माझ्याकडेच बघत राहिली.

मग मलाच ऐकू आलं. ट्रक खाली करतात. घर खाली करतात.

इतके दिवस छाती काढून शब्द पाळत होतो आणि पाळत होतो तो दुसराच शब्द!

१५ मार्च
उठल्या उठल्या पुलाकडे. मशिनवाल्याने पट्टे खिळ्यावर टांगलेले, तेलाचा डबा स्वतःच्या टेबलावर. मी रडवेला झालो असणार, कारण आधी मलाच पाणी दिलं. अण्णांचा माल आहे हे आधी का नाही सांगितलंस, म्हणाला. सगळं स्वतः उचलून परत डिकीत ठेवलं. लहान पेटीला कुलूप होतं, ती त्याने उघडलीच नव्हती.

अण्णांच्या पलंगापाशी जमिनीवर बसून सांगितलं – मला वाटलं, बुटकी करायची नाही असं म्हणताय.

आधी त्यांना कळेना. मग खांदे हलायला लागले. हसत होते! हसता हसता डोळे पुसले.

"चांगली गाडी कोण कशाला बुटकी करेल रे?"

१६ मार्च
काल माल घेऊन घरी येईपर्यंत गाडी पुन्हा खर्रर्र. जुनी चाकं चढवायला गेलो तर पैलवानाने हात धरला. म्हणाला, डावऱ्या, हे माझ्यावर सोड. मडगार्डची आतली कड ठोकून वळवणार, मागे जड मालाच्या स्प्रिंगा घालणार.

डिकी रिकामी म्हणजे काम संपलं. अण्णांना तेवढंच नको असेल. ठीक आहे. फिरवीन त्यांचं लोखंड गावोगाव. समुद्र दाखवीन त्याला!

२० मार्च
डिकी भरलेली, चाकं मोठी, खड्ड्यात चिडीचूप. पैलवान स्वतःच मागे बसून उड्या मारून बघत होता – त्याच्या वजनाने काय कळणार म्हणा.

होडी तयार झाली. म्हाताऱ्याने तिला नाव दिलेलं नाही. विचारलं तर म्हणाला, नात ठेवेल.

२३ मार्च
निघालो. ताई दारातून आत गेली, परत आली, परत आत गेली. अण्णांनी लहान पेटीची किल्ली माझ्या वरच्या खिशात टाकायला बराच वेळ लावला. मी मदत केली नाही.

२४ मार्च
रस्त्याकडेला थांबलोय. बाहीचा दोरा लोंबत होता म्हणून पेटी उघडली. वरच कात्री. अण्णांची जुनी नव्हे – नवी कोरी, पाती उलट्या बाजूने जोडलेली, त्यांवर अजून दुकानातलं तेल. नेहमीसारखी डाव्या हातात धरली.

दोरा चावला नाही. कापला.