सन्मान बारमधले खिम्याचे उंडे नेमके कोणाचे

मी, फत्तेसिंगराव हणमंतराव इंगळे, वय सदुसष्ट, धंदा बार व उपाहारगृह, राहणार बनशंकरी दुसरा स्टेज, बेंगळूर, आज रविवार दिनांक ११ ऑक्टोबर १९९८ रोजी, सकाळची कॉफी झाल्यावर, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणी मागे उभे नसताना हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. येत्या गुरुवारी माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. परंतु त्याच डॉक्टरांनी काल एका छापील कागदावर माझी सही घेतली, आणि मी तो कागद वाचला. त्यामुळे हे लिहिणे आले. वकिलांनी दिलेला मसुदा दीड पानाचा होता. त्यात माझी सर्व मालमत्ता होती, पण खरे असे काहीच नव्हते. म्हणून तो बाजूला ठेवला आहे.

कलम १. राहते घर, मागच्या पेरूच्या झाडासह, चिरंजीव संतोषकुमार यास द्यावे. तो व सूनबाई शिल्पाश्री सध्या हेब्बाळला राहतात आणि तिथली हवा चांगली आहे असे दर खेपेस सांगतात. ती हवा सोडून ते इकडे येणार नसतील तर घर भाड्याने द्यावे, परंतु विठाक्काची खोली सोडून. विठाक्का म्हणजे माझी थोरली बहीण विठाबाई, हिच्याविषयी पुढे येईलच. झाड कोणीही तोडू नये.

कलम २. बँकेत जे काही निघेल ते, आणि स्कूटर, हेही संतोषकुमारलाच. स्कूटर डावीकडे कलती करून मग किक मारावी.

कलम ३. चिरंजीवाची फार इच्छा आहे की सन्मान बारचा पब करावा, दिवे मंद ठेवावेत, इंग्रजी गाणी लावावीत. मंद दिव्यात माणसाला आपण काय खातो आहोत ते दिसत नाही. आमच्याकडे आठवड्यातले काही दिवस ही सोय उपयोगी पडली असती, हे मी मान्य करतो. तरीही परवानगी नाही.

कलम ४. आता मुख्य गोष्ट.

सन्मान बार मी १९७९ साली सुरू केला. पिण्याच्या बाबतीत आमची कधी तक्रार आली नाही, कारण बाटल्या कंपनीतून बंद येतात. खाण्याच्या बाबतीत मात्र एकोणीस वर्षांत गिऱ्हाइकांचे एकमत झाले नाही. गल्ल्याशेजारी दोरीने बांधलेली अभिप्रायाची वही आहे. त्यातले काही मजकूर इथे मराठीत उतरवतो.

एका बँकेतले गृहस्थ, मंगळवारी: “खिम्याचे उंडे खाऊन डोळे भरून आले. आई आठवली.” तेच गृहस्थ, त्याच आठवड्यातल्या गुरुवारी: “उंडे खाऊन डोळे भरून आले. डॉक्टर आठवले.”

एक लॉरीमालक: “रस्सा झकास. चिकन शोधतो आहे.”

पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी आलेला एक मुलगा: “शुक्रवारचं मटण इतकं भारी होतं की शनिवारी सगळ्या टीमला घेऊन आलो. आता टीम माझ्याशी बोलत नाही.”

बाहेर लोक म्हणत, सन्मानचे काही खरे नाही, लागला तर मटका. यामागचे कारण चौघांनाच ठाऊक होते. मी, माझी कैलासवासी पत्नी सुनंदाबाई, विठाक्का आणि गुंडो. ते कारण आज लिहून ठेवतो.

चांगला स्वयंपाक विठाक्काचा. वाईट माझा.

विठाक्का तिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली. आमच्या आईचा हात तिच्यात उतरला, माझ्यात आवाज उतरला. बार सुरू करताना मी तिला म्हणालो, “अक्का, रांध तू. पण बाहेर कळायला नको. इंगळ्यांची विधवा मुलगी बारवाल्यांसाठी मटण शिजवते म्हटल्यावर समाजात काय राहील?”

ती म्हणाली, “सरी, ठीक आहे. नाव नको. पण मीठ मी घालणार, तू हात लावायचा नाहीस.”

घराच्या मागच्या दारातून बारच्या स्वयंपाकघरात जाता येते. तिथून ती यायची, तिथूनच जायची. पण सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, संकष्टी आणि सबंध श्रावण ती मांसाला शिवत नाही. त्या दिवशी मी रांधायचो. लोक वाहवा करत तेव्हा मी गल्ल्यावरून मान लववायचो. शिव्या देत तेव्हा म्हणायचो, “काय करू, हा गुंडो! किती शिकवला तरी स्वल्पसुद्धा सुधारत नाही.”

गुंडो १९८५ पासून आमच्याकडे आहे. त्याचे काम कांदा कापणे, वाटण करणे आणि शेंगदाणे तळणे. ते शेंगदाणे आजवर एकदाही बिघडलेले नाहीत. आमच्या बारमध्ये कधीही न प्यालेला असा तो एकटाच मनुष्य आहे.

१९९३ साली आमच्या समाजाने उंड्यांबद्दल माझा सत्कार केला. शाल आणि नारळ दिला. भाषणात मी सांगितले की खिमा माझ्या हाताची ऊब ओळखतो. घरी आल्यावर विठाक्काने नारळ फोडून चटणी केली आणि शालीचे चार तुकडे करून गरम पातेली उतरवायला घेतले. त्यामुळे सदर शाल वाटणीत धरू नये.

कलम ५. हयवदनराव हे निवृत्त शाळा तपासनीस, १९८७ पासूनचे आमचे गिऱ्हाईक. बेळगावात नोकरी झाल्यामुळे मराठी स्वच्छ बोलतात. त्यांच्या घरी कांदासुद्धा चालत नाही, म्हणून ते आमच्याकडे येतात. वहीतल्या निम्म्या तक्रारी त्यांच्या आहेत, तारखेसह.

१९९६ च्या जून महिन्यात एका रविवारी भर दुपारी, बार भरलेला असताना, ते एका हातात वही आणि दुसऱ्या हातात पंचांग घेऊन गल्ल्यापाशी आले.

“फत्तेसिंगराव, मी तीस वर्षं शाळा तपासल्या. कॉपी मला वासावरून कळते. तुमचं जेवण एकादशीला बिघडतं, संकष्टीला बिघडतं, श्रावणात तर महिनाभर नासतं. म्हणजे इथला खरा आचारी धर्माचं पाळणारा आहे. आणि तुम्ही परवाच्या एकादशीला माझ्यासमोर दोन अंड्यांचं ऑम्लेट खाल्लंत.”

सगळे हसले. मला राग आला. मी म्हणालो, “राव, उंडे माझेच. आत्ता करून दाखवतो. सगळ्यांनी पाहा.”

त्या दिवशीचे विठाक्काचे पातेले आत तयार होते. मी ते बाजूला ठेवायला लावले. बाहेर हॉलमध्ये स्टोव्ह मांडला. खिमा मळला, गोळे वळले, रश्श्यात सोडले. विठाक्का स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीतून पाहत होती, हे मला दिसत होते. तिने बोटांनी काहीतरी खुणा केल्या. मी तिकडे पाहायचे टाळले. दहा मिनिटांनी हयवदनरावांनी झाकण उचलून पळी फिरवली.

“हे काय आहे?”

“उंडे.”

“कुठे?”

रश्श्यात खिमा वाळूसारखा तळाला बसला होता. गोळे बांधायला भाजक्या डाळ्याचे पीठ लागते, ते मी घातलेच नव्हते. एकोणीस वर्षांत, म्हणजे तोवर सतरा, मला ते कधी ठाऊकच नव्हते, कारण गुरुवार-शनिवारचे माझे उंडे म्हणजे अंड्यात बुडवून तळलेले दगड असत. लोक इतके हसले की एका गृहस्थाचा ग्लास पडला. आणि मी ओरडलो, “गुंडो! पीठ कुठे लपवलंस? पिऊन काम करतोस, बेवड्या! चालता हो!”

गुंडोने खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी घातली, माझ्या टेबलावर ठेवला आणि निघून गेला. आतून मागच्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला.

त्या संध्याकाळपासून विठाक्काने बारसाठी चूल पेटवली नाही. मी दारापाशी जाऊन म्हणालो, “अक्का, माझं चुकलं.” आतून उत्तर आले, “मला कशाला सांगतोस? मी बेवडी आहे का?” सव्वीस दिवस तिने मला घरी तांदळाची गंजी वाढली, सकाळी पातळ आणि संध्याकाळी अधिक पातळ. बारमध्ये माझाच स्वयंपाक चालू होता, म्हणजे गिऱ्हाईक चालू नव्हते. शेंगदाणे तळायलाही कोणी नव्हते. हयवदनराव एकटे रोज येत. सोडा घेत आणि वहीत फक्त तारीख लिहीत.

सत्ताविसाव्या दिवशी मी चिकपेटला गेलो. गुंडो एका कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलत होता. त्याच्या खांद्यावर गठ्ठा तसाच असताना मी म्हणालो, “चल गुंडो, मी तुला माफ केलं.”

त्याने गठ्ठा खाली ठेवला. “अण्णा, मी केलं काय ते तरी सांगा. म्हणजे माफी घेतो.”

साड्यांच्या त्या गर्दीतून मी त्याला बाजूला घेतले. शेवटी म्हणालो, “तू काही केलं नाहीस. उंडे मला येत नाहीत. कधीच येत नव्हते. शिव्या माझ्या होत्या, त्या मी तुझ्या नावावर चढवल्या.”

“ते मला ठाऊक आहे की. अकरा वर्षं अक्काच्या शेजारी बसून कांदा कापला.”

“मग लोकांसमोर बोलला का नाहीस?”

“अक्कानं सांगितलं होतं, त्याची अब्रू झाक, तो लहान आहे.”

मी तेव्हा पासष्ट वर्षांचा होतो. तिथे एका बाकावर बसलो. गुंडोने दुकानातून पाणी आणून दिले आणि मालकाला सांगून माझ्याबरोबर निघाला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. विठाक्काची चूल पेटली. लोक परत आले. सगळे पूर्ववत झाले, आणि मीही पूर्ववत झालो. गुंडोवर ओरडणे बंद केले. पण वाहवा घेणे बंद केले नाही. हे मी कोणाच्याही दडपणाखाली नसताना लिहीत आहे.

कलम ६. सन्मान बारची जागा, स्वयंपाकघर, भांडी, आणि परवान्याचे कायद्याने जे होईल ते, विठाबाईस द्यावे. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे, तरी ती माझ्यामागे राहणार याविषयी घरात कोणालाही शंका नाही. तिच्यानंतर हे सर्व गुंडोस मिळावे. संतोषकुमारला याचे वाईट वाटेल. त्याने कलम ३ पुन्हा वाचावे.

कलम ७. अभिप्रायाची वही हयवदनरावांना द्यायची होती. परंतु साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकिलांचे म्हणणे पडले. काय हवे ते त्यांनाच विचारले. ते म्हणाले, “वही तिथेच राहू द्या. मला सही करू द्या. इतकी वर्षं खाली सही करूनच तक्रार केली आहे.”

कलम ८. माझ्या मृत्यूनंतर तेराव्या दिवशी बारची पाटी नव्याने रंगवावी आणि तिच्यावर ‘स्वयंपाक : विठाबाई’ असे ठळक लिहावे. वरील कबुली त्याच दिवशी सर्व गिऱ्हाइकांस वाचून दाखवावी.

*(कलम ८ यावर लाल शाईने काट मारली आहे. ती मीच मारली. खुलासा खालीलप्रमाणे. फ. ह. इं.)*

पुरवणी, मंगळवार दिनांक १३ ऑक्टोबर.

रविवारी दुपारी हे सर्व मी विठाक्काला वाचून दाखवले. ती पेरू कापत होती. कलम ८ आले तेव्हा सुरी थांबली.

“म्हणजे पाटीसाठी मी तुझ्या मरणाची वाट बघायची?”

“अक्का, तसं नव्हे...”

“हर्नियानं कोण मरतं? आणि मेलास तर त्या दिवशी लोक तुझ्यासाठी रडतील की पाटी वाचतील? सांगायचंय ना? मग तोंडानं सांग. तोंड आहे ना अजून?”

सोमवारी पेंटर येऊन पाटी रंगवून गेला. आज दुपारी, जेवणाची गर्दी असताना, मी हॉलच्या मधोमध उभा राहिलो. हर्निया दुखत होता. मी सांगितले की इथले जे चांगले ते एकोणीस वर्षे माझ्या बहिणीने रांधले, जे वाईट ते मी, आणि गुंडोने फक्त बोलणी खाल्ली.

‘समाजात काय राहील’ या ज्या प्रश्नाला मी एकोणीस वर्षे भ्यालो, त्याचे उत्तर आता मिळणार असे वाटले. मग मागच्या टेबलावरून एकाने विचारले, “ते सरी. पण आज कोणाचं आहे?”

“अक्काचं,” गुंडो म्हणाला.

“मग दोन प्लेट उंडे आण.”

एवढेच. कोणी उठून गेले नाही. कोणी तोंड वाकडे केले नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघराचे दार उघडून विठाक्का बाहेर आली. हॉलमध्ये तिने आज पहिल्यांदा पाऊल टाकले. पदर खोचलेला, हात ओले. काही गिऱ्हाइके आपोआप उभी राहिली, ग्लास मागे लपवून. ती टेबलांमधून चालत गेली. पुण्याच्या त्या कॉम्प्युटरवाल्या मुलाच्या ताटापाशी थांबली. ताटात अर्धा उंडा उरला होता.

“का टाकलास?”

मुलगा घाबरला. हयवदनरावांकडे बघू लागला. त्यांनी मान हलवून त्याला धीर दिला. मग तो म्हणाला, “मीठ... थोडं जास्त वाटलं, अक्का.”

तिने तो अर्धा उंडा उचलला, तोडून खाल्ला, चावत उभी राहिली.

“हो,” ती म्हणाली. “जास्तच पडलंय. थांब, दुसरे आणते.”

आणि आत गेली.

हे इतके सोपे होते, हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळले. उरलेली सर्व कलमे कायम समजावीत. जे लिहिले ते वाचून पाहिले, ऐकवले, आणि खरे आहे म्हणून खाली नाव घालतो.

फत्तेसिंगराव हणमंतराव इंगळे (सही)

आमच्यासमोर सही केली :
१. हयवदनराव, निवृत्त शाळा तपासनीस (सही). मजकूर तपासला, शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत, अर्थ बरोबर आहे.
२. पद्मनाभ, शेजारचे औषध दुकानदार (सही)

स्थळ : सन्मान बार, बनशंकरी, बेंगळूर
दिनांक : १३ ऑक्टोबर १९९८, दुपारी जेवणानंतर